उपग्रहाचा मोडेम आणि शिवारातील जाळे

१ ऑगस्ट १९७५ रोजी ‘साइट’ हा प्रयोग सुरू झाला आणि देशातील सहा राज्यांच्या सुमारे २,४०० खेड्यांत उपग्रहामार्फत शेतीविषयक कार्यक्रम दिसू लागले. गावाने पाहावे आणि ऐकावे, एवढीच ती सोय होती. आज डोंगराळ पाड्यांवर किंवा मोबाइलचा मनोरा पोहोचत नाही अशा वस्त्यांवर उपग्रहाशी दुतर्फा संपर्क शक्य झाला आहे. मात्र मोडेम इंटरनेट केवळ उंबऱ्यापर्यंत आणतो. तेथून पुढे घर, गोठा व शिवार कसे जोडले जाते, यावर त्या खर्चाचे सार्थक अवलंबून असते.

आधी अंतराचा हिशेब पाहू. भूस्थिर उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६,००० किलोमीटरवर असतो. घरातून निघालेली विचारणा उपग्रहावर जाते, तेथून सेवादात्याच्या भूकेंद्रावर उतरते आणि उत्तर त्याच वाटेने परतते. चार टप्प्यांचे हे अंतर प्रकाशाच्या वेगानेही अर्ध्या सेकंदाच्या आसपास वेळ घेते. प्रत्यक्षात विलंब त्याहून अधिक असतो. सुमारे ५५० किलोमीटरवरून फिरणाऱ्या निम्न कक्षेतील उपग्रहांबाबत हा विलंब फारच कमी असतो. हवामान पत्रिका वाचताना अर्ध्या सेकंदाने काही बिघडत नाही. मोटारीचे मात्र तसे नाही. चालू-बंद करण्यासाठी एकच कळ असेल आणि उत्तर उशिरा आले म्हणून शेतकऱ्याने ती पुन्हा दाबली, तर नुकतीच सुरू झालेली मोटार बंद पडते. यासाठी ‘चालू’ आणि ‘बंद’ या दोन स्वतंत्र आज्ञा असलेलीच प्रणाली निवडावी.

जोडणीचा क्रम साधा आहे: छतावरील अँटेना, तिची केबल, मोडेम, त्यानंतर राउटर. काही संचांत मोडेम व राउटर एकाच पेटीत असतात. वेगळा राउटर जोडताना एक अडचण वारंवार येते. दोन्ही उपकरणांचा अंतर्गत पत्ता कारखान्यातूनच सारखा, उदाहरणार्थ १९२.१६८.०.१, असू शकतो. अशा वेळी वाय-फाय दिसते, पण इंटरनेट चालत नाही आणि दोष उगाच उपग्रहाला दिला जातो. राउटरच्या पत्त्यातील तिसरा आकडा बदलून १९२.१६८.१०.१ असा केला की गुंता सुटतो.

खरी कसोटी मासिक डेटा मर्यादेची. एखादा कॅमेरा सेकंदाला १ मेगाबिट या गतीने अखंड चित्रण बाहेर पाठवू लागला, तर दिवसाला १०.८ गिगाबाइट, म्हणजे महिन्याला ३२४ गिगाबाइट डेटा खर्ची पडतो. याउलट जमिनीतील ओलावा मोजणारा संवेदक दर पंधरा मिनिटांनी १०० बाइटचा संदेश पाठवत असेल, तर महिन्याचे मूळ माप ३०० किलोबाइटही भरत नाही. एका कॅमेऱ्याच्या तुलनेत असे शेकडो संवेदक नगण्य ठरतात. म्हणून चित्रण घरातील रेकॉर्डरवरच साठवावे आणि हालचाल आढळल्यास एखादे छायाचित्र तेवढे बाहेर जावे. घरातल्या फोनची आपोआप होणारी अद्ययावतनेही थांबवून ठेवावीत. महिन्याची शिदोरी पहिल्या आठवड्यात संपते ती बहुधा त्यांच्यामुळे.

घरातील जाळे उपग्रहाशिवायही चालते, याचा विसर अनेकदा पडतो. मोडेम बंद असला तरी राउटरला जोडलेली उपकरणे परस्परांशी बोलू शकतात. त्यामुळे ओलावा किती झाल्यावर झडप उघडायची आणि टाकी भरल्यावर मोटार केव्हा थांबवायची, हा निर्णय शेतातील नियंत्रकानेच घ्यावा. उपग्रहावरून फक्त त्याची वर्दी जावी. निर्णय दूरच्या संगणकावर सोपवला आणि संपर्क तुटला, तर पाणी वाहत राहते किंवा पीक तहानलेले राहते. शिवाय अनेक उपग्रह सेवांत एका सार्वजनिक पत्त्यामागे बरेच ग्राहक असतात. परिणामी बाहेरून घरातील उपकरणाशी थेट संपर्क साधता येत नाही. उपकरणाने स्वतःहून संपर्क साधावा लागतो. खरेदीपूर्वी हे विचारून घ्यावे.

वाड्याच्या जाड दगडी भिंती आणि पत्र्याचे छप्पर वाय-फायला अडवतात. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा ५ गिगाहर्ट्झपेक्षा भिंतींतून बरा जातो, तरी गोठ्यापर्यंत केबलच भरवशाची. तांब्याच्या नेटवर्क केबलची मर्यादा १०० मीटर आहे. दोन इमारतींमध्ये ती टाकल्यास विजेचा धोका घरात शिरतो. तेथे तंतुकेबल श्रेयस्कर. दूरच्या शेतासाठी ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ या परवानामुक्त पट्ट्यातील लोरा संवेदक उपयुक्त ठरतात. मोकळ्या शिवारात त्यांचे छोटे संदेश काही किलोमीटर जातात.

मुसळधार पावसात उपग्रहाचे संकेत क्षीण होतात, प्रसंगी काही काळ तुटतातही. नेमक्या त्याच वेळी इशाऱ्यांची गरज असते. म्हणून विजेच्या इशाऱ्यासाठी केवळ या जोडणीवर विसंबू नये, आणि मंगळवारी व शुक्रवारी निघणारी कृषी हवामान पत्रिका आकाश निरभ्र असतानाच उतरवून ठेवावी. भूस्थिर उपग्रहाची अँटेना आपल्याकडे दक्षिणेच्या आकाशाकडे रोखलेली असते. त्या दिशेचा आंबा दोन-तीन वर्षांत आड येऊ शकतो. विजेचाही विचार हवा: संच ५० वॅट घेत असेल, तर चोवीस तासांत १.२ युनिट लागतात. भारनियमनाच्या गावात इन्व्हर्टरची बॅटरी त्या हिशेबाने घ्यावी. संच व जोडणी परवानाधारक सेवादात्याकडूनच घ्यावी; परदेशातून आणलेला संच येथे वापरता येतोच असे नाही.

उभारणीच्या दिवशी विस्तार कार्यकर्त्याने एक चाचणी अवश्य घ्यावी. मोडेम व राउटर यांमधील केबल काढून ठेवावी आणि सिंचनाची एक पूर्ण पाळी चालू द्यावी. टाकी भरल्यावर मोटार आपोआप थांबली, तर जोडणी स्वीकारावी. न थांबल्यास बसवणाऱ्याला त्याच दिवशी परत बोलवावे.