विश्लेषण : फिशटँकमधील हिरवा गालिचा पिवळा का पडतो? शेवाळ मारायचे की वनस्पती वाचवायच्या?

दुकानातून ‘मॉन्टे कार्लो’ची छोटी डबी आणली जाते. चिमट्याने एकेक पुंजका मातीत रोवण्यात अख्खा रविवार जातो. पहिला आठवडा कौतुकाचा, फोटो काढण्याचा. तिसऱ्या आठवड्यात खालची पाने पिवळी पडू लागतात आणि काचेवर तपकिरी थर धरतो. महिनाभराने हिरवळीच्या जागी केसांसारख्या तंतूंचा गुंता दिसतो. मग दुकानदाराला फोन जातो आणि तिकडून बहुतेक वेळा दोनच उपाय सुचवले जातात : शेवाळनाशकाची बाटली किंवा ‘शेवाळ खाणारा’ सकर मासा. मूळ दुखणे या दोन्हींनी हलत नाही. कारण बहुतांश टँकमध्ये शेवाळ हा आजार नसतो, तर वनस्पती उपाशी असल्याची ती खूण असते.

गालिच्याची ही हौस कुठून आली?

जपानचे छायाचित्रकार ताकाशी अमानो यांनी १९८२ मध्ये ‘अ‍ॅक्वा डिझाइन अमानो’ ही कंपनी सुरू केली आणि टँककडे छोटा निसर्गदेखावा म्हणून पाहण्याची शैली जगभर पोहोचवली. २०१५ मध्ये, निधनाच्या काही महिने आधी, त्यांनी लिस्बनच्या मत्स्यालयात ४० मीटर लांबीचा पाण्याखालचा देखावा उभारला. आज रीलमध्ये दिसणाऱ्या हिरव्यागार टँकवर त्याच शैलीची छाप आहे. फरक एवढाच, की रीलमध्ये कोपऱ्यातला सिलिंडर दिसत नाही.

सर्वात आधी गालिचाच का आजारी पडतो?

कारण तो तळाशी असतो. दिव्यापासून सर्वात लांब आणि पाण्याच्या प्रवाहापासूनही लांब. दगड, लाकूड आणि उंच वनस्पती यांना वळसा घालून प्रवाह तळापर्यंत पोहोचतो, तेव्हा त्यात फारसा जोर उरलेला नसतो. हवेच्या तुलनेत पाण्यात कार्बन डायऑक्साइड सुमारे १० हजार पट हळू पसरतो. त्यामुळे पाणी हलले नाही, तर पानाला चिकटून असलेल्या थरातला वायू संपतो आणि दोन सेंटिमीटरवर भरपूर असलेला वायूही त्या पानाच्या उपयोगाला येत नाही.

आकडे पाहिले की अंदाज येतो. नुसत्या हवेशी संपर्क असलेल्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅमपेक्षाही कमी कार्बन डायऑक्साइड असतो. दाट गालिचा हवा असलेले हौशी लोक हे प्रमाण २० ते ३० मिलिग्रॅम ठेवतात. आता या उपाशी टँकवर आणखी एक तेजस्वी एलईडी लावला तर काय होईल? प्रकाश हा अ‍ॅक्सिलरेटर आहे. तो दाबला की वनस्पतीची कार्बनची आणि खताची मागणी वाढते. ती भागली नाही तर पाने कमकुवत होऊन कुजू लागतात, त्यातून अमोनिया आणि सेंद्रिय द्रव्ये पाझरतात आणि उरलेल्या प्रकाशावर शेवाळ मजेत वाढते. ‘वाढ होत नाही म्हणून दिवा वाढवला’ ही या छंदातली सर्वात महागडी चूक आहे.

एक दिलासा मात्र आहे. रोपवाटिकेत या वनस्पती अनेकदा पाण्याबाहेर, दमट हवेत वाढवलेल्या असतात. पाण्यात गेल्यावर ती जुनी पाने विरघळतातच. म्हणून पहिल्या काही आठवड्यांत जुन्या पानांकडे नव्हे, तर शेंड्याकडे पाहावे. तिथे लहान, ताजी हिरवी पाने येत असतील तर रोप जिवंत आहे.

पाने आणि शेवाळ काय सांगतात?

जुनी पाने पिवळी पडत असतील तर नायट्रोजनची कमतरता असू शकते. जुन्या पानांना टाचणीने टोचल्यासारखी भोके पडत असतील तर संशय पोटॅशियमवर. नवी पाने फिकट, पांढुरकी येत असतील तर लोह कमी. तलावांतून येणाऱ्या मुंबईच्या नळाच्या पाण्यासारख्या मृदू पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमही वेगळे द्यावे लागू शकते, बोअरवेलच्या जड पाण्यात ती अडचण सहसा नसते. हे ढोबळ नियम आहेत. कार्बन अपुरा असताना यातले कोणतेही लक्षण दिसू शकते, म्हणून खताची बाटली उघडण्याआधी तो तपासावा.

शेवाळाचेही तसेच. नव्या टँकमधला तपकिरी थर डायटमचा असतो, तो पुसत राहिले की बहुधा काही आठवड्यांत जातो. काचेवरचे कडक हिरवे ठिपके अनेकदा फॉस्फेटची कमतरता सुचवतात. दगडांवर आणि पानांच्या कडांवर उगवणारी काळी दाढी हे खरे तर लाल शेवाळ आहे. कार्बन डायऑक्साइड रोज कमी-जास्त होणाऱ्या टँकचे ते आवडते पाहुणे. आणि मातीवर निळसर-हिरवी, सायीसारखी सोलून निघणारी, उग्र वासाची चादर दिसली तर ते शेवाळच नव्हे, ते सायनोबॅक्टेरिया. साचलेल्या, प्रवाह न पोहोचणाऱ्या कोपऱ्यात ते आधी दिसतात.

मग करायचे काय?

आधी दिव्याला टायमर लावून वेळ ६ तासांवर आणावी. तंतू टूथब्रशवर गुंडाळून हाताने काढावेत, खराब पाने कापावीत, आठवड्याला निम्मे पाणी बदलावे आणि नव्या पाण्यातले क्लोरिन काढूनच ते टाकावे. फिल्टर तुंबला असेल तर त्यातला स्पंज टँकच्याच काढलेल्या पाण्यात धुवावा. प्रवाहाची परीक्षा सोपी आहे : गालिच्याची पाने मंद हलताना दिसली पाहिजेत. गालिचा दाट झाला असेल तर तो निर्दयपणे छाटावा. वरच्या थराच्या सावलीत खालचा थर कुजतो आणि एके सकाळी अख्खी चादर मुळांसकट तरंगताना दिसते.

कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर असेल तर दिव्याच्या एक-दोन तास आधी वायू सुरू करावा आणि दिवा बंद होण्याच्या तासभर आधी थांबवावा. टँकमध्ये लटकवायचा ‘ड्रॉप चेकर’ निळा असेल तर वायू कमी, हिरवा असेल तर सुमारे ३० मिलिग्रॅम, पिवळा असेल तर जास्त. पण हा रंग बदलायला एक-दोन तास लागतात. रंग हिरवा होईना म्हणून वायू वाढवत नेणारे इथेच फसतात आणि मासे गमावतात. मासे पृष्ठभागावर येऊन तोंडे उघडझाप करू लागले, तर रंगाची वाट न पाहता वायू बंद करून एअर पंप लावावा. उन्हाळ्यात पाणी ३० अंशांपुढे गेले की त्यात ऑक्सिजनही कमी मावतो आणि रात्री वनस्पतीही तोच ऑक्सिजन वापरतात. वायू रात्रभर सुरू ठेवणे म्हणूनच धोक्याचे.

एका वेळी एकच बदल करावा आणि दोन-तीन आठवडे थांबावे. खराब झालेले पान पुन्हा हिरवे होत नाही. निकाल फक्त नव्या पानांवर लावायचा.

बाटली आणि सकर मासा का नको?

तांबेयुक्त शेवाळनाशके कोळंबी आणि गोगलगायींना मारतात. ‘लिक्विड कार्बन’ म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक बाटल्यांत ग्लुटाराल्डिहाइड असते. याच रसायनाने रुग्णालयांत उपकरणे निर्जंतुक करतात. त्याने शेवाळ दबते, पण ते वायूला पर्याय नाही आणि मोजमाप चुकले तर मासेही जातात. वापरायचेच तर हातमोजे घालून.

सकर माशाची गोष्ट वेगळी. दुकानात बोटाएवढा असलेला हा दक्षिण अमेरिकी मासा फूट-दीड फुटापर्यंत वाढतो आणि तळ उकरून तोच गालिचा उपटतो. मग घरात मावेना म्हणून तो जवळच्या पाण्यात सोडला जातो. उजनी जलाशयात मच्छीमारांच्या जाळ्यांत हा मासा सापडतो. त्याच्या काट्यांनी जाळी फाटतात आणि बाजारात त्याला गिऱ्हाईक नाही. त्याऐवजी अमानो कोळंबी, नेराइट गोगलगाय किंवा छोटे ओटोसिंक्लस मासे ठेवता येतात, अर्थात टँक स्थिरावल्यावर. मोठा झालेला सकर मासा दुकानात परत द्यावा.

सिलिंडरचा खर्च परवडत नसेल तर ‘क्युबा’सारखी नाजूक वनस्पती आणूच नये. मार्सिलिया हे पाणनेचे कमी कार्बनवर, संथपणे का होईना, गालिचा करते. त्याची एक जात आपल्याकडच्या भातखाचरांतही उगवते. आणि छाटणीतून निघालेला पाला नाल्यात किंवा तलावात टाकू नये. तो उन्हात पूर्ण वाळवून कुंडीत घालावा.