टायटॅनियमला साल चढवताना

टायटॅनियमचा बोल्ट घ्या, नटही टायटॅनियमचाच, आणि कोरडाच आवळा. पहिले दोन-तीन आटे सुतासारखे जातात. मग हाताला खरखर लागते आणि पुढच्या अर्ध्या फेऱ्यात नट असा धरतो की पुढे जाईना, मागे येईना. पान्याने जोर केला तर बोल्टच पिळवटून तुटतो. आट्यांवर पाहिलं तर एकाचा धातू ओरबाडून दुसऱ्याला चिकटलेला असतो. कारखान्यात याला गॉलिंग म्हणतात.

पोलादाच्या जेमतेम ६० टक्के वजनाचा, खाऱ्या पाण्याला दाद न देणारा हा धातू घासणुकीपुढे असा हरतो. खुब्याच्या कृत्रिम सांध्याचा गोळा त्याच्या मिश्रधातूचा करून पाहिला, तेव्हा झिजेच्या भुकटीने आजूबाजूचे ऊतक काळे पडले. म्हणून आज मांडीच्या हाडातला दांडा टायटॅनियमचा असला, तरी गोळा कोबाल्ट-क्रोमचा किंवा सिरॅमिकचा असतो.

पोलादाच्या गिअरचं केस हार्डनिंग पुण्या-कोल्हापुरात घरोघरच्या माणसांना ठाऊक आहे: कार्बन मुरवायचा, लाल असतानाच तेलात विझवायचं, वर कडक साल, आत चिवट गाभा. टायटॅनियम विझवून अशी साल येत नाही. तिथे काम करतात ऑक्सिजन आणि नायट्रोजन. त्यांचे इवलेसे अणू टायटॅनियमच्या अणूंमधल्या फटींत जाऊन बसतात, आणि थरावरून थर सरकणं अवघड होतं. नायट्रोजनच्या भट्टीत तर वर सोनेरी नायट्राइड चढतं. सहा टक्के ॲल्युमिनियम आणि चार टक्के व्हॅनेडियमच्या नेहमीच्या मिश्रधातूची कठीणता व्हिकर्स मापावर ३५० च्या आसपास, या पापुद्र्याची २०००च्या घरात. पण जाडी मोजक्या मायक्रॉनची, आणि खालचा धातू मऊच.

हाच नायट्रोजन नको तिथे गेला तर काय होतं, ते १९ जुलै १९८९ रोजी दिसलं. डेन्व्हरहून शिकागोला निघालेल्या डीसी-१० विमानाच्या शेपटीतल्या इंजिनाची टायटॅनियमची पंखा-तबकडी हवेतच फुटली. तुकड्यांनी तिन्ही हायड्रॉलिक यंत्रणा निकामी केल्या. सू सिटीच्या धावपट्टीवर विमान कोसळलं, शंभराहून अधिक माणसं गेली. धातू वितळवतानाच नायट्रोजनने कडक झालेला एक ठिसूळ कण तबकडीत राहून गेला होता. तिथून निघालेली भेग सतरा वर्षं वाढत होती. कडकपणा किती, यापेक्षा तो कुठे आणि किती खोल, हाच खरा प्रश्न असल्याचं मला या अपघातातून पटतं.

म्हणूनच ब्रिटनमध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठात हानशान डाँग आणि सहकाऱ्यांनी बसवलेली रीत मला फार सुंदर वाटते. आधी सुमारे ८५० अंश सेल्सियसला थोडा वेळ हवेत तापवायचं. ऑक्साइडची खपली धरते. एरवी घडाईनंतर अशी खपली आणि तिच्याखालचा ठिसूळ थर आम्लाने काढून टाकतात. इथे मात्र तोच तुकडा निर्वात भट्टीत तितक्याच उष्णतेला कित्येक तास ठेवतात. बाहेरून नवा ऑक्सिजन येत नाही, तेव्हा धातू स्वतःची खपलीच गिळतो आणि ऑक्सिजन हळूहळू आत मुरतो. कडक थर मिलिमीटरच्या दशांशांत मोजावा इतका खोल होतो, आणि कडकपणा एकदम न तुटता गाभ्याकडे उतरत जातो. मात्र वारंवार वाकणाऱ्या भागात कडक पृष्ठभागावर भेग लवकर धरू शकते, म्हणून थराची खोली भाग पाहून ठरवावी लागते.

भट्टीतून निघालेल्या तुकड्यावर खपली शिल्लक नसते. त्यावर कानस फिरवा, ती धरत नाही, नुसती घसरते.