पहिल्या नोकरीतील किमान वेतन: वर्ध्यातील प्रत्येक तरुणाला माहीत असावा असा हक्क

बारावी, आयटीआय किंवा पदवी झाली की आपली मुले-मुली पहिले काम शोधायला बाहेर पडतात. वर्धा जिल्ह्यात हे काम बहुधा शहरातल्या कापडाच्या किंवा औषधांच्या दुकानात, पेट्रोल पंपावर, खासगी दवाखान्यात, हिंगणघाट-सेलू भागातल्या जिनिंगमध्ये किंवा देवळीच्या एमआयडीसीत ठेकेदारामार्फत मिळते. नेमणूकपत्र मिळत नाही. पगार विचारला की उत्तर येते, "आधी काम शीक, मग पाहू." महिन्याला सहा-सात हजार हातात पडतात आणि घरचेही म्हणतात, बसून राहण्यापेक्षा बरे.

हे सहा हजार म्हणजे किती, याचा एकदा हिशोब करून पाहावा. महिन्याचे २६ दिवस धरले तर दिवसाला २३० रुपये पडतात. २०२५-२६ साठी महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामाचा दर दिवसाला ३१२ रुपये ठरला होता. म्हणजे पदवी घेऊन दहा तास दुकानात उभा राहणारा मुलगा रोहयोच्या मजुरापेक्षाही कमी कमावतो.

किमान वेतन कोण ठरवते?

मालक आणि कामगार यांनी आपसात ठरवलेला आकडा म्हणजे किमान वेतन नव्हे. ते सरकार ठरवते. महाराष्ट्रात दुकाने, दवाखाने, हॉटेल, कारखाने अशा उद्योगांनुसार, परिमंडळानुसार आणि कुशल, अर्धकुशल, अकुशल अशा वर्गवारीनुसार मूळ दर ठरतात. त्यात महागाईशी जोडलेला विशेष भत्ता मिळवला जातो. हा भत्ता दर वर्षी १ जानेवारी आणि १ जुलै अशा दोन तारखांपासून बदलतो. म्हणून "मागच्या वर्षी इतकाच होता" हे मालकाचे उत्तर चालत नाही. आपल्या कामाचा चालू दर जिल्ह्याच्या सरकारी कामगार अधिकारी कार्यालयात विचारता येतो.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात वेतन संहिता, २०१९ लागू झाली. १९४८ च्या किमान वेतन कायद्याची जागा तिने घेतली. जुना कायदा अनुसूचीत नोंदलेल्या उद्योगांपुरता होता. नव्या संहितेत किमान वेतनाचा हक्क सर्व कर्मचाऱ्यांना दिला आहे. जुन्या कायद्याखाली ठरलेले दर नवे दर येईपर्यंत चालू राहतात.

"तू कबूल झाला होतास" याला अर्थ नाही

कमी पगारावर सही केली, तोंडी होकार दिला, तरी हक्क जात नाही. संहितेने दिलेला हक्क सोडून देणारा करार कायद्याने रद्दबातल ठरतो.

सर्वोच्च न्यायालय याहून पुढे गेले आहे. १९८२ च्या दिल्लीतील आशियाई खेळांसाठी बांधकामे सुरू होती. मजुरांची किमान मजुरी दिवसाला ९ रुपये २५ पैसे होती. मजूर आणणारे जमादार त्यातला एक रुपया कापून घेत आणि हातात ८ रुपये २५ पैसे ठेवत. १८ सप्टेंबर १९८२ रोजी न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांच्या खंडपीठाने निकाल दिला की, किमान वेतनापेक्षा कमी मोबदल्यात काम करून घेणे ही संविधानाच्या कलम २३ ने मना केलेली वेठबिगारी आहे. उपाशी माणूस नाइलाजाने 'हो' म्हणतो, तेव्हा ती गरिबीची सक्ती असते, असे न्यायालयाने मानले.

वेठबिगार हा शब्द आपल्या समाजाला पुस्तकातून कळलेला नाही. गावकीची फुकट कामे आपल्या आजोबा-पणजोबांनी केली आहेत. त्या गुलामीविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात महार वतनाचे विधेयक मांडले. व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना एप्रिल १९४६ मध्ये त्यांनीच किमान वेतनाचे विधेयक मांडले, त्यातून पुढे १९४८ चा कायदा झाला. आपल्या मुलाने पहिल्या नोकरीत किमान वेतन मागणे हे याच वारशाला धरून आहे.

कुठे कुठे पैसे कापले जातात?

पहिली युक्ती 'ट्रेनिंग'ची. प्रशिक्षणार्थी कायदा, १९६१ नुसार रीतसर नोंदलेला करार असेल तरच कोणी प्रशिक्षणार्थी ठरतो आणि त्याला विद्यावेतन मिळते. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेचे विद्यावेतनही (बारावीला ६ हजार, आयटीआय-पदविकेला ८ हजार, पदवीधराला १० हजार) थेट बँक खात्यात येते. अशी कोणतीही नोंद नसताना पूर्ण वेळ काम करून घेतले जात असेल, तर तुम्ही कामगारच आहात.

दुसरी युक्ती ठेकेदाराची. खात्यात पूर्ण पगार टाकायचा आणि काही रक्कम रोखीने परत मागायची, किंवा एटीएम कार्डच ठेवून घ्यायचे. कार्ड आणि पिन कोणालाही देऊ नका. ठेकेदाराने पगार दिला नाही तर तो देण्याची जबाबदारी मूळ आस्थापनेवर येते.

तिसरी गोष्ट कपातीची. गल्ल्यात कमी आले, माल फुटला म्हणून मनाला येईल तेवढे कापता येत नाही. कामगाराचा निष्काळजीपणा असावा लागतो, त्याचे म्हणणे ऐकावे लागते आणि नुकसानीपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. दंड पगाराच्या तीन टक्क्यांवर जात नाही. मालकाच्या वाट्याचा भविष्य निर्वाह निधी किंवा ईएसआय तुमच्या पगारातून वळता करता येत नाही.

याशिवाय तीन नियम लक्षात ठेवावेत. मासिक पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत मिळाला पाहिजे. जादा कामाचा मोबदला दुप्पट दराने मिळाला पाहिजे. नोकरी सोडली किंवा काढून टाकले तर दोन कामकाजाच्या दिवसांत बाकी चुकती झाली पाहिजे. आणि त्याच कामाला मुलीला मुलापेक्षा कमी पगार देता येत नाही.

पुरावा पहिल्या दिवसापासून

बहुतेक तक्रारी पुराव्याअभावी अडतात. म्हणून रोजची वही ठेवा: तारीख, आल्याची वेळ, गेल्याची वेळ, मिळालेले पैसे. मालकाचे व्हॉट्सअॅप संदेश, ओळखपत्र, बँकेच्या नोंदी जपा. वेतनचिठ्ठी मागा, ती देणे मालकावर बंधनकारक आहे. मूळ गुणपत्रिका आणि जातीचा दाखला मालकाकडे ठेवू नका, सत्यप्रत द्या. दावा दाखल झाल्यावर पगार दिला हे सिद्ध करण्याचा भार मालकावर असतो, त्यामुळे तुमची साधी वहीसुद्धा कामी येते.

तक्रार कुठे करायची?

पहिला अर्ज सरकारी कामगार अधिकाऱ्याकडे, लेखी, पोच घेऊन. थकबाकीचा दावा तीन वर्षांपर्यंत करता येतो. आधी ही मुदत सहा महिन्यांची होती. म्हणजे नोकरी सोडल्यानंतरही दावा करता येतो. अनेकांचा मिळून एकच अर्जही चालतो, त्यामुळे एकट्याने पुढे होण्याची भीती कमी होते.

समजा तुमच्या कामाचा दर १२ हजार आहे आणि ७ हजारच मिळाले. वर्षाची थकबाकी ६० हजार झाली. ही रक्कम आणि तिच्या दहापटीपर्यंत भरपाई देण्याचा आदेश प्राधिकारी देऊ शकतो. मालकाला ५० हजारांपर्यंत दंडही होऊ शकतो.

वकिलाच्या फीची चिंता नको. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ नुसार अनुसूचित जाती-जमाती, महिला आणि औद्योगिक कामगार यांना मोफत वकील मिळतो. १९९० पासून अनुसूचित जातीतून आलेल्या बौद्धांनाही अनुसूचित जातीचा दर्जा आहे, म्हणून जातीचा दाखला येथे उपयोगी पडतो. वर्ध्याच्या न्यायालयातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज द्यावा, किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करावा.

आपणही मालक आहोत

आज आपल्या समाजात दुकानदार आहेत, शिकवणी वर्ग चालवणारे आहेत, ठेकेदार आहेत. सिगालोवाद सुत्तात तथागतांनी मालकाची कर्तव्ये सांगितली आहेत. शक्तीप्रमाणे काम द्यावे, अन्न आणि वेतन द्यावे, आजारपणात काळजी घ्यावी, वेळेवर सुटी द्यावी. सम्यक आजीविका आपल्या गल्ल्यालाही लागू आहे. आपल्या दुकानात काम करणारा मुलगा आपल्याच विहारात येत असेल, तर त्याला किमान वेतनापेक्षा एक रुपयाही कमी देऊ नये.

विहारांमध्ये वर्षावासात ग्रंथवाचन होते, मुलांसाठी स्पर्धा परीक्षेची मार्गदर्शनेही होतात. त्यातला एक रविवार या विषयाला द्यावा. चालू किमान वेतनाचे दरपत्रक फलकावर लावावे आणि अर्ज लिहायला मदत करणारे दोन-तीन जण ठरवावेत. खर्च काहीच नाही, आणि पहिल्या नोकरीला निघालेल्या मुलाच्या हाती स्वतःच्या श्रमाचा खरा दर येईल.