स्वेटरवर स्वेटर, तरी हुडहुडी

डिसेंबर लागला की निफाडजवळच्या कुंदेवाडी गहू संशोधन केंद्रातला पारा रोज सकाळी बातमीत येतो. तो आकडा पाहून घरोघरी स्वेटर बाहेर निघतात. पण हवामान केंद्रातला तापमापक झडपांच्या लाकडी पेटीत एका जागी उभा असतो आणि फक्त हवेचं तापमान सांगतो. पहाटे साडेपाचला दुधाचे कॅन अडकवून निघालेल्या किंवा सिन्नरच्या एमआयडीसीत पहिली पाळी गाठणाऱ्या माणसाच्या अंगातून किती ऊब चालली आहे, हे त्याला कळत नाही. ती ऊब वारा नेतो, आणि दुचाकीवर बसलेला माणूस हा वारा स्वतःच्या वेगाने अंगावर घेत असतो. हिवाळ्यात गाडी चालवण्याबद्दलचे बहुतेक गैरसमज या एका गोष्टीकडे लक्ष न गेल्यामुळे टिकून आहेत.

‘पारा दहावर आहे, म्हणजे दहाच अंशांची थंडी’ हा त्यातला पहिला. आपल्या त्वचेलगत शरीराने तापवलेल्या हवेचा एक पातळ थर असतो. वारा तो सतत काढून नेतो आणि शरीराला नवा थर पुन्हा तापवावा लागतो. अंटार्क्टिकाच्या मोहिमेत पॉल सिपल आणि चार्ल्स पॅसेल या दोघांनी वेगवेगळ्या वाऱ्यात पाणी गोठायला किती वेळ लागतो हे मोजलं आणि १९४५ मध्ये त्याचा हिशेब प्रसिद्ध केला. आज वापरात असलेलं सूत्र अमेरिका आणि कॅनडा यांनी २००१ मध्ये स्वीकारलं. त्यानुसार हवा १० अंश सेल्सिअसला आणि वारा ताशी ६० किलोमीटर असेल, तर उघड्या चेहऱ्याला ती थंडी ५ अंशांसारखी जाणवते. हवा ५ अंशांवर असेल तर उणे २ सारखी. हे सूत्र दहा मीटर उंचीवर मोजलेल्या वाऱ्यासाठी आहे, आणि चेहऱ्याच्या उंचीवर वारा त्याहून कमी असतो हे त्यात आधीच धरलेलं आहे. गाडीवर मात्र साठचा वारा चेहऱ्यावर साठनेच आदळतो. म्हणजे प्रत्यक्षातला गारठा या आकड्यांपेक्षाही थोडा जास्तच. अर्थात हा हिशेब ऊब निर्माण करणाऱ्या जिवंत शरीराचा आहे. गाडीची टाकी किंवा इंजिन वाऱ्यामुळे लवकर गार होतं, पण हवेच्या तापमानाखाली जात नाही.

मग वेग कमी केला तर? याच सूत्राने १० अंशांच्या हवेत साठऐवजी तीसने गेलात तर फायदा जेमतेम दीड अंशाचा होतो, आणि वाटेत दुप्पट वेळ उघड्यावर काढावा लागतो. थांबलेली गाडी तीसवर जाते तेव्हाच थंडीचा मोठा तडाखा बसतो. धुक्यात हळू चालवायलाच हवं, पण ते समोरचं दिसावं म्हणून.

आता कपडे. एकावर एक दोन-तीन स्वेटर चढवूनही छातीत गारवा भरतो, याचा अनुभव अनेकांना आहे. लोकर ऊब धरते ती तिच्या धाग्यांत अडकलेल्या स्थिर हवेमुळे. विणीतून वारा आरपार गेला की ती हवा स्थिर राहत नाही आणि सर्वांत जाड स्वेटरही निकामी होतो. म्हणून गाडीवर सर्वांत महत्त्वाचा कपडा म्हणजे बाहेरचा, वारा अडवणारा. तो जाड असण्याची गरज नाही. विंडचीटर चालतो, आणि तो नसेल तर पावसाळा संपल्यावर माळ्यावर टाकलेला रेनकोट खाली काढावा. एक साधा स्वेटर आणि वर रेनकोट ही जोडी तीन स्वेटरांपेक्षा सरस ठरते. रेनकोटची पँटही सोबत घालावी. मांड्या आणि गुडघे सगळा रस्ताभर समोरून वारा खातात, आणि त्यांच्याकडे कुणाचं लक्ष नसतं.

छातीवर वर्तमानपत्र ठेवणाऱ्या माणसाला पाहून काही जण हसतात. त्यांनी हसू नये. तूर द फ्रान्स या सायकल शर्यतीत आल्प्सचा घाट चढून घामेजलेले खेळाडू उतार लागण्याआधी प्रेक्षकांकडून वर्तमानपत्र घेऊन जर्सीखाली सरकवत आले आहेत. कागद वारा अडवतो आणि घड्यांमध्ये हवा धरून ठेवतो. फक्त तो योग्य जागी हवा: स्वेटरच्या वर आणि जर्किनच्या आत, गळ्यापासून बेंबीपर्यंत. तो घामाने किंवा दवाने ओला झाला की बदलायचा, कारण पाणी हवेच्या वीसपटीहून जास्त वेगाने उष्णता वाहून नेतं. जर्किन उलटं, चेन पाठीकडे येईल असं घालण्यामागेही हाच शहाणपणा आहे. चेनच्या दातांमधून वारा शिरतो. पण उलट्या जर्किनमध्ये खांदे आखडतात आणि हात मोकळे फिरत नाहीत, म्हणून चेनच्या मागे कापडी पट्टी शिवून घेणं जास्त चांगलं. शिंपी ते सहज करून देतो.

हातांबद्दल मात्र सविस्तर बोलायला हवं, कारण इथे प्रश्न जिवाचा आहे. शरीराला गारठा जाणवला की ते आधी हृदय, फुप्फुसं, मेंदू यांची ऊब राखतं आणि त्यासाठी हातापायांच्या रक्तवाहिन्या आकुंचित करतं. बोटांकडे जाणारं रक्त घटतं. बोटांच्या त्वचेचं तापमान साधारण १५ अंशांच्या खाली गेलं की त्यांची सफाई कमी व्हायला लागते, पकड सैल होते आणि ब्रेक किती दाबला गेला याचा अंदाज चुकतो. ताशी ६० च्या वेगात गाडी सेकंदाला साडेसोळा मीटरहून जास्त अंतर कापते. बधिर बोटांनी ब्रेक अर्धा सेकंद उशिरा दाबला तर आठ मीटर गेले. पहाटे विनादिव्याची बैलगाडी किंवा उसाची ट्रॉली पुढे असताना ते आठ मीटर पुरेसे असतात.

यावर लोकांचा उपाय म्हणजे जाड लोकरी हातमोजे. त्यांतूनही वारा आरपार जातो, आणि वर ते लिव्हरवर घसरतात. वारा अडवणारे चामडी किंवा रेक्झिनचे मोजे घ्यावेत, आणि तेही बोटं आत हलतील इतके सैल. घट्ट मोज्यात हवा उरत नाही आणि आधीच कमी झालेलं रक्त आणखी अडतं. बुटात कोंबलेल्या दोन जोड्या पायमोज्यांचंही तेच होतं. ज्यांना मोजे परवडत नाहीत, त्यांनी पातळ मोज्यावर प्लास्टिकची पिशवी आणि तिच्यावर दुसरा मोजा घालावा. पिशवी आत असली की मुठीवर पकड राहते. हँडलवर बसवून आत हात घालायची कव्हरं याहून चांगली. ती बसवल्यावर वाऱ्याने मागे दबून ब्रेकच्या लिव्हरला टेकत नाहीत ना, आणि हात झटकन बाहेर येतो ना, एवढं दिवसाउजेडी तपासून घ्यावं.

तरीही बोटं गार पडत असतील तर दोष बहुधा मोज्यांचा नसतो. छाती आणि पोट गार असेल तर शरीर हातांकडे ऊब सोडतच नाही. छातीवरचा वारा अडवला की काही वेळाने बोटांत जीव येतो. हातांचा इलाज छातीपासून सुरू होतो, हे ज्याला कळलं त्याचे निम्मे हाल वाचतात.

थंडीवर ‘एक घोट’ हा सल्ला सर्वांत घातक आहे. दारूने त्वचेतल्या रक्तवाहिन्या उघडतात, गरम रक्त वर येतं आणि चेहरा तापल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात शरीराच्या आतली ऊब त्याच वाटेने बाहेर निघून जाते, आणि थंडी वाजते आहे ही जाणीवही बोथट होते. रक्ताच्या १०० मिलिलिटरमागे ३० मिलिग्रॅमहून जास्त दारू सापडली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ खाली तो गुन्हा आहे, ते वेगळंच. विडी-सिगारेटचं उलट आहे. निकोटिनने बोटांच्या रक्तवाहिन्या आणखी आकसतात, म्हणजे ज्या बोटांत विडी धरायची तीच गार पडतात.

चहाबद्दलही एक समज दुरुस्त करतो, पण चहा सोडा असं म्हणणार नाही. साठ अंशांचा ऐंशी मिलिलिटर चहा शरीराला दोन किलोकॅलरीहून कमी उष्णता देतो. साठ किलोच्या माणसाचं तापमान एका अंशाने वाढायला सुमारे पन्नास लागतात. म्हणजे अंशाच्या पंचविसाव्या भागाचीही ही भर नाही. टपरीवर बरं वाटतं ते तिथे वाऱ्यापासून सुटका होते, पेल्याभोवती बोटं शेकतात आणि पोटात साखर जाते म्हणून. त्यामुळे थांबायचं तर आडोशाला थांबा, आणि चहा पिताना अंगावरचं जर्किन उघडं टाकू नका.

‘निम्मी ऊब डोक्यातून जाते’ असं सर्रास सांगितलं जातं. अमेरिकी लष्कराच्या १९७० च्या एका पुस्तिकेत चाळीस ते पंचेचाळीस टक्क्यांचा आकडा होता. ज्या जुन्या प्रयोगांवरून तो आला असं मानलं जातं, त्यांत माणसांचं अंग ध्रुवीय पोशाखात झाकलेलं आणि डोकं उघडं होतं. डोकं शरीराच्या पृष्ठभागाच्या साधारण दहाव्या भागाइतकं असतं आणि ऊबही जवळपास त्याच प्रमाणात जाते. हे सांगायला हवं, कारण या समजापोटी कितीतरी माणसं जाड माकडटोपी घालतात आणि हेल्मेट आरशाला अडकवून ठेवतात. काच खाली केलेलं पूर्ण चेहऱ्याचं हेल्मेट वारा माकडटोपीपेक्षा कितीतरी चांगला अडवतं. आत घालायची टोपी पातळ असावी, नाहीतर हेल्मेट नीट बसत नाही. मफलरची टोकं जर्किनच्या आत खोचावीत. मोकळं टोक मागच्या चाकात गेलं तर गळ्याला फास बसतो.

शाळेत सोडताना लहान मूल पुढे बसवलं की ते आपल्या उबेत राहतं, असं आईवडिलांना मनापासून वाटतं. खरं म्हणजे समोरचा सगळा वारा तेच मूल अडवत असतं. शिवाय वजनाच्या मानाने लहान मुलाच्या शरीराचा पृष्ठभाग मोठा असतो, त्यामुळे ते मोठ्यांपेक्षा लवकर गारठतं. त्याची जागा मागे, पट्ट्याने बांधलेली असावी. चार वर्षांखालच्या मुलासाठी असा पट्टा आणि ताशी ४० ची मर्यादा, आणि नऊ महिन्यांपुढे हेल्मेट, हे केंद्राच्या नियमात २०२३ पासून लागूच आहे.

रात्री बाराला जास्त गारठा आणि पहाटे तो ओसरतो, हेही खरं नाही. निरभ्र रात्री जमीन उष्णता सोडतच राहते आणि पारा तळाला जातो तो सूर्योदयाच्या सुमारास. थंड हवा जड असल्यामुळे उतारावरून खाली वाहते आणि नदीकाठी, खोलगट भागात साचते. महाबळेश्वर साडेतेराशे मीटरांवर असूनही निफाडचा पारा अनेकदा त्याच्या खाली जातो, आणि महाबळेश्वरातही दव गोठतं ते खोलगट वेण्णा तलावाच्या परिसरात. पुण्यात १७ जानेवारी १९३५ ला १.७ आणि नागपुरात २९ डिसेंबर २०१८ ला ३.५ अंश नोंदले गेले, तेव्हा घाटात राहणाऱ्यांनीच थंडीची काळजी करावी असं काही नाही. शक्य असेल तर सूर्योदयानंतर तासभराने निघावं. ते शक्य नसेल तर नदीवरचा पूल आणि उसाचा पट्टा येण्याआधीच कपडे नीट करून घ्यावेत.

थरथर सुटणं हे अशक्तपणाचं लक्षण नव्हे. स्नायू आपोआप हलून ऊब निर्माण करतात, ती थरथर. ती सुरू झाली की गाडी थांबवायची. अंग अजून गारच असताना थरथर आपोआप बंद पडली तर ते बरं वाटण्याचं नाही, धोक्याचं लक्षण आहे. शरीराचं आतलं तापमान ३५ अंशांखाली गेलं की जीव धोक्यात येतो, आणि ओल्या कपड्यांत, वाऱ्यात हे १० अंशांच्या हवेतही घडू शकतं. त्याला बर्फ लागत नाही. असा माणूस दिसला तर त्याला आडोशाला न्यावं, ओले कपडे उतरवून कोरडं पांघरूण द्यावं, आधी छाती आणि पोट ऊबदार करावं. बधिर हात जोरात चोळू नयेत आणि सायलेन्सरवर धरू नयेत, कारण कातडी भाजते आहे हे त्याला कळत नाही. तो शुद्धीवर असून नीट गिळत असेल तर गोड, कोमट काहीतरी पाजावं. बोलणं अडखळत असेल किंवा तो ग्लानीत जात असेल तर वाट न पाहता १०८ ला फोन करावा.