जुना भत्ता बंद, नवा अर्ज करा : ब्रिटनमधील युनिव्हर्सल क्रेडिट

ब्रिटनमध्ये कामाच्या वयातील गरजू नागरिकाला मिळणारे सरकारी साहाय्य दीर्घकाळ तीन निरनिराळ्या दारांतून येत असे. बेकारीचा भत्ता, आजारपणाचा भत्ता आणि ‘इन्कम सपोर्ट’ हा किमान उत्पन्नाचा आधार या गोष्टी श्रम व निवृत्तिवेतन खात्याकडे होत्या. तुटपुंज्या पगारावर काम करणाऱ्यांसाठीचे आणि मुलांच्या संगोपनासाठीचे अशी दोन ‘टॅक्स क्रेडिट्स’ महसूल खात्याकडे होती, तर घरभाड्याचा भत्ता स्थानिक पालिका देत असे. प्रत्येकाचे नियम वेगळे असल्यामुळे पगार थोडा वाढला की दोन-तीन ठिकाणची रक्कम एकदमच कापली जाई आणि जास्त राबूनही हाती फारसे काही पडत नसे. हे सहाही भत्ते मोडीत काढून ‘युनिव्हर्सल क्रेडिट’ हा एकच मासिक भत्ता आणण्याची योजना तत्कालीन मंत्री इयन डंकन स्मिथ यांनी २०१० मध्ये मांडली, २०१२ मध्ये तिचा कायदा झाला आणि एप्रिल २०१३ मध्ये मँचेस्टरजवळच्या अ‍ॅश्टन-अंडर-लाइन येथून अंमलबजावणी सुरू झाली. सगळे काम २०१७ पर्यंत उरकेल असा तेव्हाचा होरा होता. प्रत्यक्षात टॅक्स क्रेडिट्स बंद झाली ती ५ एप्रिल २०२५ रोजी.

नव्याने मदत मागणाऱ्याला नवा भत्ता देणे तुलनेने सोपे होते. खरा पेच होता तो जुने भत्ते आधीपासून घेत असलेल्या लक्षावधी लोकांचा. त्यांच्यापैकी अनेक जण सरकारी परिभाषेतील ‘नैसर्गिक स्थलांतरा’ने नव्या पद्धतीत आले. घर बदलून दुसऱ्या पालिकेच्या हद्दीत जाणे, जोडीदारापासून विभक्त होणे, नोकरी सुटणे अशा कारणाने नवा अर्ज करावा लागला की जुना हक्क संपत असे आणि झालेल्या तोट्याची भरपाई मिळत नसे. या व्यवस्थेतील ‘नैसर्गिक’ हा शब्द जरा क्रूरच म्हणावा लागेल. तीव्र अपंगत्व असलेल्या दोन पुरुषांचे उत्पन्न केवळ पालिकेची हद्द ओलांडल्यामुळे दरमहा सुमारे १७८ पौंडांनी घटले, तेव्हा हा भेदभाव असल्याचा निर्णय उच्च न्यायालयाने जून २०१८ मध्ये दिला, आणि पुढच्या जानेवारीपासून अशा अपंगांना दोन वर्षे जुन्याच भत्त्यांवर ठेवण्यात आले.

दुसरा मार्ग ‘नियोजित स्थलांतरा’चा. त्याचा पहिला प्रयोग जुलै २०१९ मध्ये हॅरोगेट येथे सुरू झाला, कोरोनाच्या साथीत थांबला आणि मे २०२२ मध्ये बोल्टन व मेडवे येथे पुन्हा हाती घेण्यात आला. यात लाभार्थ्याच्या घरी एक पत्र येते आणि साधारण तीन महिन्यांनंतरची तारीख देऊन त्याआधी युनिव्हर्सल क्रेडिटसाठी अर्ज करावा, अन्यथा जुने भत्ते बंद होतील, असे त्यात कळवलेले असते. सरकार आपणहून कोणालाही नव्या यादीत घालत नाही. त्यामुळे ज्याची माहिती कुठल्या ना कुठल्या सरकारी दप्तरात वर्षानुवर्षे पडून आहे, त्यालाच ऑनलाइन खाते उघडून ओळख, भाडे, बचत आणि कुटुंब यांची माहिती पुन्हा सिद्ध करावी लागते. आणि ज्या आजाऱ्याला पत्र उघडणेही जड जाते, त्याच्या बाबतीत हा भार नेमका उलट्या खांद्यावर टाकला गेला आहे.

अर्ज केल्यावरही पैसे लगेच मिळत नाहीत. आधी महिनाभराच्या उत्पन्नाचे मोजमाप होते आणि त्यानंतर आठवड्याने रक्कम जमा होते, म्हणजे पहिल्या हप्त्याला सुमारे पाच आठवडे लागतात. काही जुने भत्ते या काळात दोन आठवडे चालू राहतात आणि उचलही मिळते, परंतु ही उचल म्हणजे कर्जच. ते पुढच्या हप्त्यांतून वळते होते. पूर्वी आठवड्याने किंवा पंधरवड्याने पैसे हाती येणाऱ्या कुटुंबाला महिन्याचा हिशेब बसवताना किती ओढाताण होते, हे हातावर पोट असणाऱ्याला सांगावे लागणार नाही.

नियोजित स्थलांतरातील जमेची बाजू म्हणजे ‘संक्रमणकालीन संरक्षण’. समजा, एखाद्या कुटुंबाला जुन्या भत्त्यांतून महिन्याला १,१०० पौंड मिळत होते आणि नव्या नियमांनी ९८० च होतात; अशा वेळी मधले १२० पौंड वेगळा घटक म्हणून जोडले जातात. मात्र हे संरक्षण गोठवलेले असते. पुढे घरभाड्याच्या मदतीत ५० पौंडांची वाढ झाली, तर संरक्षणाचा घटक तितकाच घटून ७० वर येतो, म्हणजे वाढ कागदावर दिसते आणि हाती काहीच जास्त पडत नाही. अपवाद बालसंगोपनाच्या खर्चाचा. जोडीदारासोबत राहू लागल्यास किंवा विभक्त झाल्यास हे संरक्षण पूर्णच जाते.

राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाच्या फेब्रुवारी २०२४ मधील अहवालानुसार, नोटीस मिळालेल्यांपैकी सुमारे पाचातील एकाने अर्जच केला नाही आणि त्याचे जुने साहाय्य थांबले. यांपैकी काहींचा हक्क किरकोळ असेल, काहींनी विचारपूर्वक नकार दिला असेल. पण अर्ज न करणे म्हणजे गरज नसणे, असा अर्थ काढणे चुकीचे ठरेल. मुदतीनंतर एक महिन्याची सवलत असते. तीही हुकली तर युनिव्हर्सल क्रेडिट मिळू शकते, पण जुन्या रकमेचे संरक्षण मिळत नाही.