पिल्लू आणि सुटी

मे महिन्याची सुटी जवळ आली, की पुष्कळ घरी कुत्र्याचे पिल्लू आणण्याचा हट्ट सुरू होतो. पण घरची मंडळी गावी जावयाची असली, तर पिल्लाचे काय? दोन वेळा खाऊ घालणारा शेजारी मिळाला की झाले, असे मोठ्यांनाही वाटते. ते खरे नव्हे.

तिसऱ्यापासून सुमारे चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लाला ज्या गोष्टींचा परिचय होतो, त्यांचे भय त्याला पुढे सहसा वाटत नाही. अमेरिकेतील संशोधकांनी १९६१ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात काही पिल्ले उंच कुंपणाआड, चौदा आठवडे माणसाच्या सहवासावाचून वाढविली होती. त्यांना अन्न मिळत होते. तरी पुढे ती माणसाजवळ येईनात.

पहिले आठ आठवडे पिल्लू आईपाशीच असावे. उरले सहा. त्यांतील तीन सुटीत गेले तर?

म्हणून पिल्लू सुटीनंतरच आणावे. आधीच आणले असेल, तर मुलांच्या व पाहुण्यांच्या वर्दळीच्या घरी ते सोपवावे. तत्पूर्वी चार-सहा दिवस त्याला तेथे थोडा थोडा वेळ नेऊन आणावे. लसी पुऱ्या होईतो सोळावा आठवडा उजाडतो. तोवर त्याला रस्त्यावर सोडू नये, पण कोंडूनही ठेवू नये. उचलून घेऊन रिक्षा, सायकली, भाजीवाले दाखवावेत. उघडलेली छत्रीसुद्धा दाखवावी; छत्रीला भिणारी कुत्री काही थोडी नाहीत!