आप्पांची पिकप

“भंगारवाला वजनावर न्यायला तयार आहे. काय करू?” धाकट्याने गावाहून विचारले आणि माझ्या पोटात कालवले. आप्पा जाऊन बारा वर्षे झाली. तेव्हापासून त्यांची जीपच्या घराण्यातली पिकप चिंचेखाली उभी. घराच्या रंगासाठी साठवलेले 40,000 रुपये होते. सौ. म्हणाली, “भिंती वर्षभर थांबतील.”

गावी जाताच मी गाडीचा रंग कोणता द्यावा यावर बोलू लागलो. मराठीचा प्राध्यापक, विशेषणे आधी सुचणारच! मेस्त्री हसले. “सर, चालण्याआधी गाडी थांबली पाहिजे.” पहिले पैसे गेले ब्रेकला: व्हील सिलिंडर, रबरे, होजपाइप.

इंजिन गंजून जाम. प्लग काढून सिलिंडरांत तेल सोडले, आठवडाभर मुरू दिले. मग पुढून हँडल घालून हलके हिसके. ते बोटभर फिरले तेव्हा मेस्त्र्यांनी नुसती मान डोलावली. हे ‘हरिकेन’ इंजिन मोठे मजेदार: इंधन आत घेणारे व्हॉल्व्ह माथ्यात, धूर सोडणारे ब्लॉकात. रिकामी टाकी आम्ही भावांनी खडी घालून घुसळली, गंज काढला. कार्ब्युरेटर पुण्याच्या जुन्या बाजारात, दोन रविवारांच्या घासाघिशीने मिळाला.

हौद्याची एक फळी मात्र बदलू दिली नाही. तिच्यावर आप्पांनी खिळ्याने कोरलेला कांद्याच्या गोण्यांचा हिशेब आहे.

रंगाला पैसे उरले नाहीत. कागदपत्रेही व्हायची आहेत. म्हणून पाडव्याला आईला शेजारी बसवून शेतातल्या वाटेनेच फेरी मारली. उतरताना ती म्हणाली, “गिअर टाकताना ते एवढा आवाज नव्हते करत.”